गोदाकाठचा दगड: अश्मयुगाचा पुरावा ओळखायचा आणि नोंदवायचा कसा

नाशिकमध्ये माणूस किती जुना, असं विचारलं की बोट पांडवलेण्यांकडे जातं. ती लेणी सुमारे दोन हजार वर्षांची. गंगापूरजवळ गंगावाडीला गोदावरीच्या काठी, गोटे आणि वाळू चुन्याने घट्ट बांधलेल्या थरातून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी जी दगडी हत्यारं गोळा केली, त्यांच्यापुढे लेणी कालपरवाची. त्या हत्यारांवरचा सांकलियांचा ग्रंथ १९५२ साली आला. त्याआधी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, तेव्हा सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाणयुगाची (तांबं आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या काळाची) भांडी आणि बारीक दगडी पाती निघाली. म्हणजे शहराच्या पोटात एक पुरावा आहे आणि शहराबाहेर नदीच्या थडीत त्याहून कितीतरी जुना दुसरा.

नदीकाठाने, मळ्यांच्या बांधांवरून डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. दगड खिशात टाकून घरी आणला की तो शोभेची वस्तू होतो. तो कोणत्या थरात, कोणत्या बाजूने, कशाच्या शेजारी पडला होता, ही माहिती म्हणजे पुरावा, आणि ती उचलण्याच्या क्षणीच नाहीशी होते. म्हणून पुढची सगळी पद्धत न उचलता बघण्याची आणि लिहून ठेवण्याची आहे.

निघण्याआधी

कायद्याचं आधी. परवान्याशिवाय खोदायचं नाही, खुरप्याने थर ‘जरा साफ’ करणंही त्यातच धरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शेतात शिरायचं तर मालकाला विचारून. बहुतेक शेतकरी हसून ‘दगडच बघायचेत ना, या की’ म्हणतात, पण न विचारता द्राक्षबागेत शिरणारा माणूस कुणालाच आवडत नाही. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, तिथे काठावर उतरायचं तर वनविभागाची परवानगी घ्या.

कधी जायचं? पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुराने काठ नुकताच कापलेला असतो, गवत सुकू लागलेलं असतं आणि पेरणीपूर्व नांगरटीने शेतातले दगड वर आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पाणी आणखी उतरतं, पण दुपारच्या उन्हात काळ्या दगडावर काही दिसत नाही. धरणातून विसर्ग सुटण्याची सूचना बघूनच पात्रात उतरा. गंगापूरचं पाणी सुटलं की खालच्या अंगाला पात्र झपाट्याने भरतं. उभ्या कापलेल्या थडीच्या पायथ्याशी बसून टिपणं काढू नका, पिवळ्या गाळाची भिंत आवाज न करता ढासळते. निफाड-सिन्नरकडे उसाच्या कडेने संध्याकाळी एकट्याने फिरू नये, हे बिबट्यामुळे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

सामान थोडंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ३ मीटरची टेप, १० सेंटीमीटरची काळी-पांढरी पट्टी, २० मीटर सुतळी, चार खुंट्या, मऊ रंगाचा ब्रश, पाण्याची फवारणी बाटली, कोऱ्या पानांची वही, पेन्सिल. फोनचं जीपीएस मोकळ्यावर साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर येतं, पण थडीच्या पायथ्याशी आकाश अर्धं झाकलेलं असतं आणि आकडा भरकटतो. वर काठावर दोन मिनिटं थांबून नोंद घ्या आणि खालचं अंतर टेपने मोजा.

कुठे बघायचं

काठावर उभा छेद दिसला की आधी खालून वर वाचायचा. तळाशी काळा पाषाण, त्यावर गोटे-वाळूचा घट्ट थर, त्यावर चुनखडीचे गोळे असलेला पिवळसर तपकिरी गाळ, कुठे पुन्हा गोट्यांचा पट्टा आणि सर्वांत वर काळी माती. सांकलियांनी गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात असाच क्रम मांडला. तळच्या घट्ट थरात हातकुऱ्हाडी, फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारं), तोड-हत्यारं. वरच्या गोट्यांच्या पट्ट्यात लहान, छिलक्यांवर (घाव घालून दगडातून काढलेल्या तुकड्यांवर) केलेल्या तासण्या, ज्या प्रवरेवरच्या नेवाशाला मोठ्या संख्येने मिळाल्या.

हा क्रम पाठ करून मात्र प्रत्येक थडीवर चिकटवू नका. नदी आपलीच जुनी थडी कापते आणि त्या खाचेत नवा गाळ भरते, मग नवा थर जुन्याच्या खाली बसलेला दिसतो. दोन ठिकाणचे गोट्यांचे थर सारखे दिसले म्हणून ते एका वयाचे होत नाहीत. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते: ‘खालचा म्हणून जुना’. थराची वरची आणि खालची सीमा सपाट आहे की वाकडी-खोलगट आहे ते आधी बघा. खोलगट असेल तर खाच भरलेली आहे असं समजून चाला.

घट्ट थरात रुतलेलं हत्यार आणि त्याच्या पायथ्याशी पडलेलं हत्यार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पायथ्याचं कुठूनही आलेलं असू शकतं, वरच्या शेतातून, पुरातून, अगदी भरावाच्या ट्रकमधूनही. रुतलेलं असेल तर त्याच्याभोवती चुन्याचं बंधन दगडाला चिकटलेलं दिसतं. फोटोत तेच आलं पाहिजे.

शेतात वेगळी अडचण. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते, भेगांत वरचे छोटे दगड खाली पडतात, पावसात माती फुगून ते पुन्हा हलतात. काळ्या मातीतल्या खोलीवरून वय सांगता येत नाही. तिथे फक्त किती आणि कुठे पसरलं आहे, एवढंच मोजायचं. टेकडीच्या उतारावर मुरमाची पातळ माती असेल तर परिस्थिती बरी, कारण दगड फारसा खाली जात नाही. जिथे डोंगरातून बारीक दाण्याच्या काळ्या दगडाची भिंतीसारखी सरळ रेघ जाते, तिथे थांबा. हा दगड आजूबाजूच्या पोकळ्यांच्या पाषाणापेक्षा घट्ट आणि नेमका फुटणारा असतो, त्यामुळे कच्चा माल तिथून घेतलेला असण्याची शक्यता जास्त.

माणसाने फोडला की आपोआप फुटला

एक छिलका जागेवर तसाच ठेवून भिंगाखाली बघा. उन्हाला तिरकं धरल्यासारखा प्रकाश हवा, म्हणून सकाळी साडेनऊपूर्वी किंवा दुपारी चारनंतर. दगडाच्या एका टोकाला छोटा सपाट पट्टा असतो, जिथे घाव बसला. त्याच्या लगेच खाली, आतल्या बाजूला, नखाएवढा फुगवटा. फुगवट्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा मंद लाटा पुढे सरकतात. उलट्या बाजूला आधी निघून गेलेल्या छिलक्यांचे खोलगट ठसे, त्यांच्यामध्ये उठलेल्या धारा. कॅल्सेडनी किंवा जास्पर या गारगोटीच्या जातीच्या गुळगुळीत दगडांवर हे सगळं आरशासारखं स्वच्छ दिसतं. काळ्या पाषाणावर दिसत नाही, बोटाने चाचपावं लागतं: दाणे जाड असतात, लाटा पुसट असतात आणि हजारो वर्षांत पृष्ठभाग झिजून तपकिरी साय धरतो.

कोणतंही एक लक्षण पुरेसं नाही. घावाचा पट्टा, फुगवटा, आणि उलट बाजूला किमान तीन ठसे, या तिन्ही गोष्टी एका दगडावर असतील तर ‘नक्की’ लिहा. दोन असतील तर ‘संशयास्पद’. एक असेल तर वहीत नोंदही करू नका. हातकुऱ्हाडीची कसोटी वेगळी: दोन्ही बाजूंनी छिलके काढलेले, कडा दोन्ही बाजूंना बदामासारखी वळत टोकाला आलेली, आकार बहुधा १० ते २० सेंटीमीटर. फरशीला टोक नसतं, तिथे एक रुंद, सरळ, न ठोकलेली धार असते. धार ठोकून काढलेली दिसली तर ती फरशी नाही.

आता फसवणारे दगड. नाशिकमध्ये ते भरपूर आहेत आणि बहुतेक काळ्या पाषाणाचे.

पहिली खडी. क्रशरमधून निघालेल्या खडीला धारदार कडा असतात, कधी फुगवटाही. पण तिच्यावर साय नसते, सगळे चेहरे एकाच ताज्या निळसर काळ्या रंगाचे. द्राक्षबागांच्या सपाटीकरणात जेसीबीने कुठला मुरूम कुठे नेला याचा हिशेब कुणालाच नसतो. मालकाला थेट विचारा: ‘भर टाकलीय का, कधी, कुठून?’ हा प्रश्न तासभराची पायपीट वाचवतो.

दुसरा पाथरवटाचा उकीर. पाटे-वरवंटे, जाती घडवणाऱ्यांनी छिन्नी-हातोड्याने काढलेले छिलके हुबेहूब हत्यारासारखे दिसतात, कारण तेही माणसानेच घाव घालून काढलेले. फरक असा की ते एका ढिगात असतात, त्यांवर छिन्नीचा खाचेसारखा ठसा सापडतो आणि अर्धवट घडवलेला पाटा किंवा फुटका वरवंटा जवळच पडलेला असतो. बारव, घाट, समाधी, जुनी विहीर यांच्या शंभरएक मीटरच्या आत सापडलेल्या काळ्या पाषाणाच्या छिलक्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

तिसरा आपोआप सुटणारा पाषाण. काळा दगड कांद्यासारखा पापुद्रे सोडतो. हे पापुद्रे वाकडे असतात, पण त्यांना घावाचा पट्टा नसतो आणि आतला चेहरा खरखरीत निघतो. वणव्यात किंवा चुलीच्या जागी तापलेला दगड बशीसारखे गोल टवके उडवतो, त्यांनाही फुगवटा नसतो.

आणि चौथं, हाडासारखे दिसणारे चुनखडीचे नळकांडे. पिवळ्या गाळात जुन्या झाडांच्या मुळांभोवती चुना बसतो आणि मूळ कुजल्यावर पोकळ नळी उरते. तिला बघून ‘राक्षसाचं हाड’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. गोदावरीच्या गाळातून नामशेष हत्तींचे जीवाश्म खरोखर निघालेले आहेत, त्यामुळे शंका रास्त, पण तुटलेल्या टोकाकडे बघा. हाडात जाळीदार, स्पंजासारखी रचना असते, मुळाच्या नळीत नसते. लिंबू पिळून फेस येतो का, ही घरगुती परीक्षा इथे कामाची नाही. जीवाश्म हाडातही चुना शिरलेला असतो, फेस दोघांनाही येतो.

बारीक पाती

पांढऱ्या, दुधी, तपकिरी कॅल्सेडनीच्या दोन-चार सेंटीमीटरच्या पात्यांना हाताळणं सोपं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. दोन्ही कडा समांतर, पाठीवर एक किंवा दोन सरळ धारा, असं पातं असेल तर ते माणसाचंच. जवळ पेन्सिलीच्या टोकासारखा, अंगभर उभ्या पन्हळी असलेला गाभा (ज्या दगडातून पाती काढली तो) मिळाला तर शंकाच नको. पण ही पाती मध्याश्मयुगातही (अश्मयुगाच्या शेवटच्या, बारीक हत्यारांच्या काळातही) होती आणि ताम्रपाषाणयुगातही, मातीच्या गढीवर ती भांड्यांबरोबर निघाली तशी. नुसत्या पात्यावरून ‘दहा हजार वर्षांपूर्वीचं’ असं लिहिणं म्हणजे अंदाजाला पाटी लावणं.

म्हणून पाती दिसली की पुढचा अर्धा तास खापरांसाठी द्या. तांबड्या रंगाचं, पातळ, चांगलं भाजलेलं, वर काळ्या रेषांची नक्षी आणि टिचकी मारल्यावर खणखणणारं खापर हे जोर्वे पद्धतीचं (प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचं), इ.स.पू. सुमारे १४०० नंतरचं. तोटीचा तुकडा किंवा अंगाला कडक कंगोरा असलेला वाडगा असेल तर खात्री वाढते. टिचकी जागेवरच मारा, खापर न उचलता. हाताने थापलेलं, जाडं, भुरकट खापर जवळ असलं तर तेही लिहा, ते अनेक काळांत होतं. खापर अजिबात नसेल आणि पाती भरपूर, तर तेवढंच लिहायचं: ‘खापर आढळलं नाही.’ नसण्याची नोंदही नोंद असते.

नांदगाव-मालेगावकडे फिरत असाल तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत ठेवा. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, एकावर कोरीव नक्षी, वय सुमारे २५,००० वर्षं. असं कवच पांढरट, किंचित वाकलेलं, फुटक्या चिनी मातीच्या कपासारखं दिसतं. चकचकीत लेप असेल तर ते कपच. लेप नसून पृष्ठभागावर भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली तर लगेच हात मागे घ्या आणि फोटो काढा.

नोंद

थडीवर असाल तर छेदाचं रेखाटन, शेतात असाल तर मोजणी. दोन्हीकडे सुरुवात गावाच्या नावाने आणि गट नंबरने करा. ‘वडाच्या झाडाजवळ’ ही खूण दहा वर्षांत जाते, सातबारावरचा आकडा राहतो.

छेदाची उंची पाण्याच्या पातळीपासून मोजू नका. धरणाच्या विसर्गाने ती रोज बदलते आणि पुढच्या माणसाला तुमचा आकडा लागत नाही. उघड्या काळ्या पाषाणापासून किंवा पुलाच्या खांबावरच्या ठळक खुणेपासून मोजा. प्रत्येक थराची जाडी सेंटीमीटरमध्ये, रंग कोरडा आणि फवारल्यावर ओला असे दोन्ही, सर्वांत मोठ्या गोट्याचा आकार, गोटे गोल आहेत की कोपऱ्यांचे. रंग लिहिताना ‘मातकट’ हा शब्द टाळा, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. ‘कच्च्या हळदीसारखा’, ‘गुळासारखा’ हे जास्त उपयोगी.

शेतात सुतळीने २० मीटरची रेघ ताणा आणि तिच्यावर ५ मीटरच्या अंतराने १ मीटर बाय १ मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात २ सेंटीमीटरहून मोठे सगळे दगड मोजा, नंतर त्यांतले ‘नक्की’ आणि ‘संशयास्पद’ वेगळे. हे कंटाळवाणं काम टाळणाऱ्यांची नोंद निरुपयोगी होते, त्यामागे कारण आहे. हजार फुटक्या दगडांत दोन-चार हत्यारासारखे दिसतीलच, निव्वळ योगायोगाने. तेवढेच चार निवडून फोटो काढले तर कुणीही फसेल. एकूण संख्या सोबत असली तरच तज्ज्ञाला पुढे काही म्हणता येतं.

प्रत्येक ‘नक्की’ दगडाचे चार फोटो: जागेवर जवळून, जागेवर दोन मीटरवरून, मागे-पुढे ओळखू येणाऱ्या खुणेसह लांबून, आणि चौथा पट्टी शेजारी ठेवून. पट्टी दगडाच्या पृष्ठभागाच्याच पातळीवर, कॅमेरा वरून सरळ. पट्टी जमिनीवर आणि दगड चार सेंटीमीटर उंच असेल तर माप चुकतं. पट्टीऐवजी नाणं, पेन, सुपारी ठेवणं सोडून द्या. दगड उलटायचा मोह झालाच तर आधी त्याची दिशा खडूने जमिनीवर आखून घ्या, उलटून फोटो काढा आणि तंतोतंत तसाच परत ठेवा. थरात रुतलेला मात्र कधीच हलवायचा नाही.

वय लिहिण्याच्या रकान्यात काही लिहू नका. नुसता दगड बघून हत्याराचं वय सांगता येत नाही, बहुधा थराचं काढावं लागतं. किरणोत्सारी कार्बनची पद्धत साधारण ५०,००० वर्षांपलीकडे चालत नाही, म्हणजे हातकुऱ्हाडींसाठी ती बाद. गाळातल्या क्वार्ट्‌झच्या कणांनी शेवटचा उजेड कधी पाहिला हे मोजणारी पद्धत आहे, पण आपला गाळ काळ्या पाषाणाचा, त्यात क्वार्ट्‌झ फार कमी. पुणे जिल्ह्यात बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला, तरी ती राख नेमकी कधीची यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला १५ लाख वर्षं निघाली म्हणून गंगावाडीला तोच आकडा लावता येत नाही. आणि ‘रामायणकालीन’ हा शब्द या नोंदीत कुठेच बसत नाही, पंचवटी जवळ असली तरी.

कळवायचं कुणाला

राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या अश्मयुगावरचं काम मुख्यतः याच कॉलेजातून झालं आहे. पत्र एका पानाचं ठेवा: गाव, तालुका, गट नंबर, अक्षांश-रेखांश, काठावर की शेतात, थर कोणता, किती चौकोन, किती नक्की, किती संशयास्पद, जागेला सध्या धोका काय. शेवटचा मुद्दा विसरू नका. वाळूउपसा, सपाटीकरण, रस्तारुंदीकरण चालू असेल तर तारखेसह लिहा, कारण भेट लवकर द्यायची की सावकाश, हे त्यावरून ठरतं. ‘लाखो वर्षांपूर्वीचा शोध’ असा मथळा टाकला तर पत्र बाजूला पडण्याची शक्यता वाढते.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचे असतील तर गावापुढचं काही सांगू नका आणि फोटोतली जीपीएस माहिती काढून टाका. जागा कळली की पुढच्या रविवारी तिथे पोती घेऊन लोक येतात.

उत्तराची वाट बघताना त्याच जागी पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा जा आणि लांबचा फोटो पहिल्या वेळच्याच ठिकाणी उभं राहून काढा. थडी दरवर्षी थोडी मागे सरकते. रुतलेला दगड सुटून पडला असेल तर तुमच्याकडे तो थरात असतानाचा फोटो आहे, आणि थर आणखी कापला गेला असेल तर त्याच्यामागे काय उघडं पडलं ते मोजायला नवं पान घ्यायचं.